कुठलाही एक घड

“ताई, तुमच्या कागदाप्रमाणं माझी अजून निम्मी बाग कुठंतरी हाय. कुठं हाय तेवढं सांगा, तीबी तोडून घेतो.”

आण्णा असं म्हणाले आणि पेट्या भरणाऱ्या सगळ्या बाया हसल्या. हमाल हसले. ट्रकच्या ड्रायव्हरला कशाचाच पत्ता नव्हता, तोही हसला. माझी नणंद प्रभा द्राक्षाच्या मांडवाच्या दगडी खांबाला टेकून उभी होती. बागेतून किती माल निघेल, ते तिने तोडणीच्या आधीच एका कागदावर लिहून आण्णांकडे दिलं होतं. काट्यावर भरला तो माल त्यापेक्षा फारच कमी. थोडीशी चूक असती तर सावरून घेता आली असती. ही सावरण्यासारखी नव्हती. तिच्या संशोधनाचा अख्खा हंगाम तिथे, काट्यापाशी, सगळ्यांच्या देखत फुकट गेला.

प्रभा रडली नाही. कागद परत मागून घेतला, त्याची घडी घातली आणि मला म्हणाली, “वहिनी, पाचची एसटी मिळेल ना?”

मी त्या दिवशी द्राक्षं न्यायला म्हणून सोबत गेले होते. आण्णांची बायको, तिला सगळे जिजी म्हणत, ती बांधावरून टोपली घेऊन आली. “रिकाम्या हातानं जाऊ नका,” म्हणाली. मी टोपली घेतली. एवढं सगळं झाल्यावर द्राक्षं कशी न्यायची, असं काही माझ्या मनात आलं नाही. द्राक्षं न्यायलाच आले होते.

ही निफाडकडची बाग. इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात, त्याच जागी मी एका लग्नाच्या पंगतीला बसले होते. बाग आता नाही. आण्णांच्या नातवाने तिथे मंगल कार्यालय बांधलंय. मांडवाचे दगडी खांब मात्र फेकले नाहीत, मोटारी लावायच्या जागेच्या कडेने पुरलेत, आणि प्रत्येकावर पांढरा पट्टा मारलाय. तारा जिथे बांधायचे ती भोकं अजून दिसतात. बँडवाले वाजवत होते, वाढपी घाईत होते, आणि मला मात्र गंधकाचा वास येत होता. तिथे गंधक कुठून येणार? पण नाकाला कोण समजावणार.

बागेचा वास म्हणजे लोकांना द्राक्षाचा वास वाटतो. द्राक्षाला वेलीवर असताना वासच नसतो. वास असायचा गंधकाच्या पिवळ्या भुकटीचा, मोरचुदाचा, ओल्या सुतळीचा आणि पेट्यांच्या ताज्या चिरलेल्या लाकडाचा. फवारणीवरच्या बायांचे हात मनगटापर्यंत निळे असत. त्याच हातांनी त्या भाकरी खात. तेव्हा अनाबशाहीच्या, म्हणजे बियांच्या द्राक्षांच्या बागा जास्त होत्या, बिनबियांची द्राक्षं नुकती कुठे येऊ लागली होती. माघात एक साधा ढग वर आला तरी सगळ्या बागेतलं बोलणं थांबायचं. माणसं वर बघत उभी राहायची, बाया हातातल्या कात्र्या खाली करायच्या. ढग पुढे सरकला की पुन्हा पाखरं हाकलायचे डबे वाजायला लागायचे.

आम्ही राहायचो एकलहऱ्याला, पॉवर हाऊसच्या कॉलनीत. माझा नवरा तिथे फिटर होता. तिथे वास वेगळा. कोळशाचा, तेलाचा आणि राखेचा. वाळत घातलेल्या साड्या झटकल्या की राख उडायची. पापडाच्या वाळवणावर मी जुनं धोतर टाकायचे, तरी पापड करडे व्हायचे. आमचे हे म्हणायचे, “काळे कुठे आहेत? ते उडदाचेच आहेत.” माणूस असा होता.

प्रभा ह्यांची धाकटी बहीण. तिला वन्सं म्हणायचा मला कंटाळा. ती माझ्यासमोर दोन वेण्या घालून शाळेत जायची, तेव्हापासून प्रभाच म्हणत आले. एमेस्सी झाली, पहिली आली, आणि विद्यापीठात संख्याशास्त्रात संशोधन करायला लागली. कॉलनीत कुणाला हा शब्द धड म्हणता येत नव्हता. शेजारीण विचारायची, “तुमच्या नणंदबाई अजून मोजतायत का?” मी सांगायचे, “हो. अजून संपलं नाही.” मी चौथी पास. मला आकडे येतात, बेरीज येते. त्यापुढचं मी कधी विचारलं नाही, आणि तिने कधी मला अडाणी समजून समजावलं नाही. आमचं त्यामुळे बरं जमलं.

तिचा विषय मात्र मला कळला होता. भाताचं एक शीत दाबलं की भात कळतो, तसं. मोठ्या बागेतले थोडेच घड तोडायचे, त्यांचं वजन करायचं, आणि तोडणीच्या आधी सगळ्या बागेचा माल सांगायचा. ते थोडे घड म्हणजे नमुना. “नमुना कसा निवडायचा, त्यावरच माझा प्रबंध आहे,” ती एकदा जेवताना म्हणाली. आमचे हे म्हणाले, “त्यासाठी निफाडला कशाला जातेस? घरात एक आहे की.” आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना त्या दिवशी आमटी वाढली नाही.

त्या दिवसांचा आवाज म्हणजे प्रभाच्या यंत्राचा. कॉलेजातून मागून आणलेलं, हाताने दांडा फिरवायचं, गुणाकार-भागाकाराचं लोखंडी यंत्र. खर्र, खर्र, खर्र, मग टिंग. लांबून पॉवर हाऊसची घरघर आणि घरात ही खरखर. माझी मुलं त्या खरखरीवर झोपायला शिकली. यंत्र बंद पडलं की ती उठून बसायची. मोठं गणित असलं की प्रभा पुण्याला जायची. तिकडे विद्यापीठात कॉम्प्युटर होता, एका खोलीएवढा, असं ती सांगे. त्याला वाचायला द्यायची भोकं पाडलेली कार्डं ती चपलेच्या खोक्यात भरून, वर रबर लावून न्यायची. एसटीत खोकं मांडीवर. कंडक्टरने एकदा विचारलं, “ताई, आत काय, अंडी?” ती म्हणाली, “त्यापेक्षा नाजूक.” एक कार्ड उलटं गेलं की सगळं परत यायचं, आणि पुढचा नंबर कधी लागेल ते सांगता येत नसे. मग ती घरी येऊन चहा न पिता दांडा फिरवायला बसे.

तर ती टोपली. त्या संध्याकाळी मी ती ओट्यावर ठेवली आणि घड धुवायला काढले. प्रभा बाजूला उभी होती. हातात तिचा ताणकाटा, घड आकड्याला लटकवून वजन बघायचा. सवयीने म्हणा किंवा दुसरं काही करायला नव्हतं म्हणून म्हणा, तिने टोपलीतला एक घड काट्याला लावला. मग दुसरा. मग सगळे. मग आत जाऊन आपले कागद आणले.

“वहिनी,” ती म्हणाली, “ही टोपली आणि माझा नमुना एकाच हाताने भरलाय.”

“म्हणजे?”

“वजन सारखंच. घरी न्यायला दिलेले हे घड, आणि मला मोजायला दिलेले ते. तसेच. वेल मी नंबर काढून ठरवायचे. त्या वेलीवरचा घड मात्र बायांना आणायला सांगायचे. त्यांना मी काय म्हणायचे माहितीय? कुठलाही एक घड आणा.”

“मग आणला त्यांनी.”

“कुठलाही म्हटलं होतं मी.”

“पाहुण्याला कुठलाही कोण देतं?”

ती हसायला लागली. काट्यापाशी सगळे हसले तेव्हाचं तिचं हसायचं राहून गेलं होतं बहुतेक. हसता हसता ओट्यावर बसली. मी तिला उठवलं, कारण ओटा ओला होता.

पुण्याला तिचे सर होते, मार्गदर्शक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, चूक आकड्यांची नाही, माणसांची आहे, पण प्रबंध आकड्यांचा लिहायचाय. हा हंगाम टाकून द्या. शिष्यवृत्ती तर त्या उन्हाळ्यात संपत होती. पॉवर हाऊसच्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघणार होती आणि ह्यांनी साहेबांच्या कानावर घालून ठेवलं होतं. त्या रविवारी हे तिला म्हणाले, “एक हंगाम. पुढच्या तोडणीलाही असंच झालं तर मुकाट्याने टायपिंगला जायचं. पुन्हा ते यंत्र घरात नको.”

“चालेल,” प्रभा म्हणाली.

मी म्हटलं, “यंत्र काय खायला मागतं का?” पण माझं कुणी ऐकलं नाही.

पावसाळा गेला, छाटणी झाली, वेलींना डोळे फुटले. माल भरायला लागला तशी एक दिवस प्रभा माझ्याकडे आली.

“वहिनी, या वेळी तुम्ही माझ्याबरोबर यायचं. घड तुम्ही काढायचे.”

“का? तुला हात नाहीत?”

“जिजी म्हणते, ती वेल नको, तिला कीड आहे, ही घ्या. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. तुम्हाला कुणाचं वाईट वाटत नाही.”

आयुष्यात मला कुणी कामाला लायक म्हटलं ते असं. मी पदर खोचला आणि गेले.

तिच्याकडे एक जाड पुस्तक होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसते आकडे. कशाचे नाहीत, कशासाठी नाहीत, मुद्दाम अर्थ काढून टाकलेले. मला ते पुस्तक आवडलं. त्यात कुणी कुणाला शहाणपण शिकवत नव्हतं. पान उघडायचं, ओळीने आकडे वाचायचे. पहिला सांगेल ती रांग, दुसरा सांगेल ती वेल. मग खोडापासून सुरू करून वेलीवरचे घड काठीने मोजत जायचं, आणि तिसरा आकडा सांगेल तिथे थांबायचं. तो घड तोडायचा. मग तो आंबट असो, चिमणीने टोचलेला असो, पानाआड वाढलेला मुठीएवढा असो. प्रभा वेलीकडे पाठ करून उभी राहायची, आणि मी घड दिला की फक्त वजन बघायची.

जिजी पहिल्या दिवशी आमच्या मागे मागे फिरली.

“अहो बाई, तो काय घेता? पिकला नाय अजून.”

“नंबर आलाय.”

“शेजारचा बघा की, कसा हाय, हातभर.”

“त्याचा नाही आला.”

“नंबराला काय डोळे हायेत का?”

“नाहीत. म्हणूनच.”

पेट्या रचणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एक म्हणाली, “प्रभाताई लय गोड हायेत, ही वहिनी कुठून आणली?” दुसरी म्हणाली, “ही बी नंबरानंच आलीय.”

मग आला तो दिवस. आकडे जिथे घेऊन गेले ती वेल मेलेली होती. विहिरीच्या अंगाला, काळी पडलेली, तारेवर नुसत्या वाळक्या काड्या. मी प्रभाला सांगितलं, “लिही, शून्य.”

जिजी पुढे आली. “शून्य नका लिहू.”

“घडच नाही तर काय लिहू?”

“भरल्या बागेत शून्य म्हणू नये. आमच्यात दाणे संपले तरी वाढले म्हणतात. तुम्ही बायामाणसं, तुम्हाला सांगायला पाहिजे का? बाजूची वेल घ्या. भरलेली हाय.”

प्रभा पाठमोरीच उभी होती. तिच्या मानेवरून मला कळलं, ती आता हो म्हणणार. मीच मोठ्याने म्हटलं, “शून्य लिही, प्रभा.” तिने लिहिलं.

जिजी संतापली. ओरडली नाही, तशी ती बाई नव्हती. म्हणाली, “माझ्या बागेला नावं ठेवायची तर उद्यापासून येऊ नका.” आणि गेली. डब्यांचा आवाज थांबला होता. प्रभाचा चेहरा आदल्या वर्षी काट्यापाशी होता तसा झाला. उद्यापासून नाही म्हणजे बागच नाही, आणि बाग नाही म्हणजे टायपिंग.

मी जिजीच्या मागे घरापर्यंत गेले. ती पडवीत गहू निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सुपातले खडे काढायला लागले.

“तुमच्या बागेला आम्ही नावं ठेवत नाही,” मी म्हटलं. “मागच्या वर्षी तुम्ही हिला चांगलं चांगलं निवडून दिलं. त्याने पोरीचं वर्ष गेलं.”

“चांगलं दिल्यानं कुणाचं वर्ष जातं का?”

“हिचं गेलं.”

“असलं कसलं शिक्षण?”

“ते मला माहीत नाही. पण या वर्षी पण गेलं, तर शिक्षणच जाणार.”

जिजीने निवडलेले गहू डब्यात ओतले. मग म्हणाली, “घाला मग मसणात. घ्या ते आंबट.” आणि थोड्या वेळाने, “तुझं तोंड लय फाटकं हाय.”

“आहे.”

ती चहा टाकायला उठली. आता चहाचं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आडनावावरून कळतं. पहिल्या वर्षी प्रभा आली तेव्हा जिजीने आडनाव विचारून घेतलं होतं, आणि तेव्हापासून पडवीतल्या कोनाड्यात दोन कप वेगळे होते. बागेतला सगळ्यांत चांगला घड आम्हाला, आणि कप कोनाड्यातला. जिजीला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. प्रभा त्यावर कधी बोलली नाही. जिजीने कोनाड्याकडे हात नेला, तेव्हा मी म्हटलं, “कुठल्याही कपात द्या.”

तिचा हात तिथेच राहिला. कळलं तिला. बाई हुशार होती. मग ती आत गेली आणि आतल्या फळीवरचे दोन कप घेऊन आली. एकाचा कान तुटलेला होता. तो तिने स्वतःला घेतला आणि धड होता तो माझ्यापुढे ठेवला. चांगलं द्यायची तिची खोड गेली नव्हती. मी चहा प्याले. साखर जास्त होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घड काढायला लागलो की जिजी बांधावर जाऊन, बागेकडे पाठ करून बसायची. “मला बघवत नाय,” म्हणायची. अशा दोघी पाठमोऱ्या, मधे मी काठी घेऊन मोजतेय, आणि वर पानांतून ऊन गळतंय. मांडवाखालचं ते ऊन हिरवं असायचं. अंगावर पडलं की आपणही कच्चे दिसायचो. मला आठवायला सांगितलं तर त्या सगळ्यातलं हे ऊनच आधी आठवतं. का, ते माहीत नाही.

तोडणीचा दिवस आला. प्रभाने आदल्या दिवशी कागद आण्णांकडे दिला होता, त्यांनी तो टोपीत ठेवला होता. या वेळी आमचे हे पण रजा टाकून आले होते. निकाल बघायला आले होते की बहिणीला घेऊन जायला, ते त्यांनी सांगितलं नाही. दिवसभर काटा चालला. लाकडाच्या पेट्या, खाली-वर कागदाची कात्रणं, खिळे ठोकल्याचा आवाज. प्रभा विहिरीच्या काठावर बसून राहिली. जेवायला आली नाही.

ऊन उतरल्यावर शेवटची पेटी गेली. आण्णांनी बेरीज केली, एकदा खालून वर, एकदा वरून खाली. मग टोपीतला कागद काढून चष्म्याजवळ नेला. बाया पुढे सरकल्या.

“ताई,” आण्णा म्हणाले, “हे जुळलं की हो.”

प्रभा उठून आली, दोन्ही कागद शेजारी धरले. “जुळलं नाही, आण्णा. जवळ आलंय. थोडा फरक आहे.”

“तेवढा तर काट्याचा बी असतोय.”

“फरक असायलाच पाहिजे. तंतोतंत जुळलं असतं तर मला झोप लागली नसती.”

“का बरं?”

“तंतोतंत जुळलं की समजायचं, मधे कुणीतरी चांगुलपणा केलाय.”

“मी नाय हो काही केलं,” जिजी बांधावरून म्हणाली. “मी तर पाठ करून बसले होते.”

सगळे हसले. आमचे हे हसले नाहीत. त्यांनी प्रभाच्या हातातला कागद घेतला, पाहिला, काही कळलं नसणार, पण नीट घडी घालून तिला परत दिला. एसटीत म्हणाले, “त्या टायपिंगच्या जागेला साहेबांना नाही म्हणून सांगतो उद्या.” आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

प्रबंध लिहायला तिला पुढे आणखी वेळ लागला. यंत्र घरात होतंच. पदवी मिळाली त्या दिवशी मी पुण्याला गेले नाही, मुलांची परीक्षा होती. पुढे ती कॉलेजात शिकवायला लागली, नाशिक रोडला घर केलं. निफाडच्या बागांत बिनबियांची द्राक्षं आली, दगडी खांबांच्या जागी लोखंड आलं. कॉलनीतली आमची खोली दुसऱ्या कुणाला गेली.

त्या दिवशी काट्यापाशी जे उभे होते त्यांतले आण्णा आधी गेले. मग आमचे हे. जिजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्याचे सरही गेले, असं प्रभा म्हणाली. बाया कोण कुठे पांगल्या, माहीत नाही. प्रभा आहे, आणि मी आहे.